लहान ताटल्यांचं हॉटेल

नांदेड, शके १८५८

पौष वद्य २

सरकारी हुकूम आला. उर्दूत आहे. मला उर्दू मराठीइतकीच वाचता येते, म्हणून दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा तेच निघालं. आमच्या ओटीवर चालणारी मुलींची शाळा विनापरवाना आहे. फरवर्दी महिना संपायच्या आत मंजुरी मिळाली नाही तर ती बंद करावी. म्हणजे आपला माघ सरायच्या आत.

चार वर्षं झाली शाळेला. एकोणीस मुली आहेत. पहिल्या वर्षी तीन होत्या, त्यातली एक आमचीच. आता संध्याकाळी गल्लीतून गेलं की दोन-तीन घरांतून वाचनाचा आवाज येतो, आणि मी उगीच चाल मंद करतो.

कुसुमला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. "मग गोदीचं?" एवढंच म्हणाली.

गोदी म्हणजे आमची गोदावरी. नऊ वर्षांची आहे. औशाला माझे थोरले बंधू अनंतराव यांनी तिच्यासाठी स्थळ काढून ठेवलं आहे. मुलगा बावीस वर्षांचा आहे. दिवाळीत त्यावरून आमची कडाक्याची खडाजंगी झाली आणि रागाच्या भरात मी शब्द देऊन बसलो: शाळा आहे तोवर पोरगी शिकेल, शाळा बंद पडली तर तुम्ही म्हणाल तेव्हा तिला हळद लावू. शाळा बंद पडेल असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं. अनंतराव दिलेला शब्द विसरणारे नाहीत, विशेषतः दुसऱ्यानं दिलेला.

पौष वद्य ५

मंजुरीसाठी तिसरी दरखास्त दिली. कारकून म्हणाला, मोहतमीम साहेब नवे आहेत, सय्यद वजाहत हुसेन नाव, सगळ्या शाळांचं तेच बघतात, पण कागद त्यांच्यापुढं जायला वेळ लागेल. किती, विचारलं तर त्यानं छताकडं पाहिलं.

संध्याकाळी उद्धवकडं गेलो. तो स्टेशनावर पार्सलबाबू आहे, माझा लहानपणापासूनचा दोस्त. म्हणाला, "कागदानं काय व्हायचं नाही, रेणुकादास. साहेबाला जेवायला बोलव. समोरासमोर बोल."

मी म्हटलं, घरी कसं बोलवू? कुसुमचं सोवळं आड येतं.

"वहिनीला विचारलंस का?"

बायकोचं सोवळं नवऱ्यानं विचारून माहीत करून घ्यायचं असतं काय! माझं स्वतःचं काही नाही. गणेशोत्सवात मी समतेवर दीड तास बोललो होतो, लोक अजून नाव काढतात. पण घरच्या बाईचं मन दुखवून सुधारणा करू नये, असं माझं मत आहे.

मग उद्धवनं एक तोड काढली. स्टेशनजवळ कुणा कायतान नावाच्या गोवेकरानं नवं हॉटेल काढलं आहे. तो स्पेनच्या बोटीवर खानसामा होता. तिकडं आपसांत लढाई पेटली, बोट अडकली, आणि हा मेहुण्याच्या आधारानं इथं आला. मेहुणा रेल्वेत गार्ड आहे. "त्याच्याकडं म्हणे स्पेनसारखं जेवण लहान लहान ताटल्यांत येतं. आठ आठ, दहा दहा ताटल्या."

ऐकूनच मला हायसं वाटलं. ज्याच्या त्याच्यापुढं ज्याच्या त्याच्या लहान ताटल्या! वाढणं नाही, शिवाशिव नाही, कुणाच्या पानातला डाव कुणाच्या पानात नाही. माझ्यापुढच्या दहा ताटल्यांतल्या दोन-तीन तरी शाकाहारी निघतील, त्या मी खाईन आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय साहेब विलायतेला जाऊन आलेले आहेत. त्यांना गोऱ्यांचं जेवण मिळाल्याचा आनंद होईल. देवानंच ते हॉटेल नांदेडात आणून ठेवलं म्हणायचं.

पौष वद्य ९

साहेबांची गाठ पडली. गोरेपान, चष्मा, आवाज मऊ. आणि मराठी अस्सल! म्हणाले, "मी उदगीरचा. घरात उर्दू, गल्लीत मराठी, बाजारात कानडी."

मी जेवणाचं आमंत्रण दिलं. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "कधी येऊ? तुमचं घर कुठं, होळी भागात ना?"

मी म्हटलं, घरी नव्हे साहेब, आपल्या तोलामोलाच्या ठिकाणी, स्पेनिश हॉटेलात.

"हॉटेलात," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. हॉटेलात येतो."

फार भिडस्त माणूस दिसतो. खर्चात पाडायला नको वाटलं असेल.

पौष वद्य ११

सगळं लिहून काढतो.

हॉटेल म्हणजे कापसाच्या वखारीचा एक कोपरा. चार टेबलं, त्यातलं एक लंगडं, नेमकं आम्हाला तेच मिळालं. भिंतीवर कॅलेंडरातून फाडलेलं चित्र: बैलापुढं तांबडं कापड धरून उभा असलेला माणूस. साहेब बघून म्हणाले, "आमच्याकडं पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारतात, हा काय करून राहिला?" मी मोठ्यानं हसलो. सुरुवात चांगली झाली असं वाटलं.

कायतान आला. "सायबा, अस्सल स्पेनचं. थोडं थोडं खायचं, मध्ये गप्पा मारायच्या." आणि एक ताटली आणून ठेवली. हिरवी, आवळ्याहून लहान अशी नऊ फळं, खारट पाण्यातली. टेबलाच्या मधोमध ठेवली.

मी दुसरी ताटली यायची वाट पाहिली. ती येईना. शेवटी हळूच विचारलं, "आणि माझी?"

"हीच की, सायबा. दोघांची एक. स्पेनमध्ये सगळे एकाच ताटलीत खातात. ताटली मधी, माणसं भोवती."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. उद्धव्या, मेल्या, ताटल्या लहान आहेत हे सांगितलंस, त्या सामाईक आहेत हे का नाही सांगितलंस?

साहेबांनी एक फळ उचललं, तोंड वाकडं केलं, बी काढून ठेवली आणि ताटली माझ्याकडं सरकवली. त्यांची बोटं ताटलीत जाऊन आली होती. मी म्हटलं, मला आंबट-खारट बाधतं.

दुसरी ताटली: बटाट्याची जाड धिरड्यासारखी वस्तू. बटाटा म्हणून मी मान डोलावली, तर आत अंडं. तिसरी: वाळक्या पावावर टमाटा आणि लसूण चोळलेला. साहेबांनी एक तुकडा मोडून घेतला आणि उरलेला माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, लसूण आमच्यात चातुर्मासात वर्ज्य.

"चातुर्मास कार्तिकात सुटला ना, मास्तर?"

या माणसाला आपलं इतकं कसं माहीत! मी काहीतरी व्रताचं पुटपुटलो. चौथ्या ताटलीत शिरक्यातला मासा होता, त्याचा वास वखारभर सुटला. पाचवीत मिरच्या तळून. कायतान म्हणाला, खऱ्या मिरच्या स्पेनमध्ये तिखट नसतात, त्या इथं मिळत नाहीत म्हणून आपल्या घातल्या. साहेबांनी एक चावली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. सहावीत खारे शेंगदाणे होते, त्यांचंही कायताननं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. ते आमच्या नांदेडच्या बाजारातलेच. निदान ते तरी खाल्ले असते, पण साहेबांचा हात तोवर त्यात फिरला होता.

सहा ताटल्या झाल्या तरी दोघेही उपाशीच. साहेब हात पुसत म्हणाले, "जेवण झालं, भूक तशीच राहिली. तुमच्या घरी आज काय केलं असेल, मास्तर?"

"आंबाडीची भाजी आणि भाकरी," मी म्हटलं. गरिबीचं सांगायला लाज वाटली.

त्यांनी शेंगदाण्यांची ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "उदगीरला आमच्या शेजारी जगदेवीकाकू होत्या. आंबाडी केली की मला द्यायच्या. भिंतीवरून. भाकरीवर भाजी ठेवून वरून हातात सोडायच्या. मी दोन्ही हात पुढं करून उभा राहायचो. कधी कधी खाली पडायची."

जुन्या बायका खरंच मायाळू. मी तसं म्हणालोही.

मग त्यांनी स्वतःच शाळेचा विषय काढला, आणि माझा जीव कानात आला. "माझी नसीम आठ वर्षांची आहे. इथं मुलींची दुसरी शाळा नाही. समजा तुमच्याकडं घातली. मधल्या सुट्टीत ती पाणी कुठं पिईल?"

देवानंच वेळेवर सुचवलं. मी ताडकन म्हणालो, "स्वतंत्र घागर ठेवू, साहेब! तांब्याची. नवीकोरी. रोज घासून."

"नवीकोरी," ते म्हणाले.

"होय. तिला दुसऱ्या कुणी हातसुद्धा लावणार नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, बघत राहिले, मग उठून शेरवानी झटकली. "शुक्रिया, मास्तर." आवाज भरून आल्यासारखा वाटला. जेवण फसलं खरं, पण घागरीनं काम केलं असं मला वाटतं.

पौष अमावास्या

घागर आणली. चांगली जड आहे. ओटीच्या कोपऱ्यात वेगळ्या तिवईवर ठेवली. कुसुमनं विचारलं, "ही कुणासाठी?" म्हटलं, मंजुरी आली की सांगतो. गोदीनं तिच्यात तोंड घालून आवाज काढून पाहिला, तिला रागावलो.

माघ शुद्ध ४

नामंजूर.

कारण एका ओळीचं: "शाळेत सर्व मुलींसाठी पाण्याची सोय नाही." अहो, घागर आणली ना! ओटीवर ठेवली आहे! दफ्तरात कुणाचा तरी घोटाळा झाला असणार. कारकुनाला मी हे ओरडून सांगितलं. लोक जमले. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून निघून आलो.

अनंतरावांचं पत्र त्याच टपालानं आलं. हुकमाची बातमी त्यांना लागलेली दिसते; वैशाखातले दोन मुहूर्त कळवलेत. खाली लिहिलंय, "शब्द लक्षात असेलच."

रात्रभर पडून राहिलो. गोदी सासरच्या घरात कशी दिसेल? तिचे दुधाचे दोन दात अजून पडायचे आहेत.

माघ शुद्ध ७

रथसप्तमी. आज कुसुमचं हळदीकुंकू होतं, म्हणून घरात बायका. त्या गेल्यावर तिनं मला समोर बसवलं आणि हॉटेलातलं पहिल्यापासून विचारलं. मी सगळं सांगितलं. घागरीपाशी आलो तेव्हा तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

"वेगळी घागर म्हणालात? त्यांच्या तोंडावर?"

"नवीकोरी म्हणालो."

"आणि घरी का नाही बोलावलं?"

"तुझं सोवळं—"

"माझं?" ती म्हणाली. उठताना म्हणाली, "साहेब लातूरला दौऱ्यावर गेलेत म्हणे. उद्या निघा. पाया पडा नाहीतर काही करा. मला गोदी वैशाखात द्यायची नाही."

तिला इतकं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. बायकांचं काळीज मुलीच्या बाबतीत हळवं असतं.

लातूर, माघ शुद्ध १०

लोहा, अहमदपूर करत दिवसभर मोटरीत हाडं खिळखिळी झाली. इथं साहेबांच्या मुक्कामी सकाळपासून दारात उभा होतो. दुपारी आत बोलावलं.

मी घागरीचं सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "घागर राहू द्या, मास्तर." मग मी खरंच पाय धरायला वाकलो. सगळं सांगून टाकलं. गोदी, बावीस वर्षांचा मुलगा, दिवाळीतला शब्द.

ते खिडकीपाशी गेले. फिरून येऊन म्हणाले, "मीही मुलीचा बाप आहे. असं करू. नांदेडला आलो की नसीमला घेऊन तुमच्या शाळेत येतो. मधल्या सुट्टीत सगळ्या एकत्र खातील, एका भांड्यातलं पाणी पितील. त्या वेळी कुणी उठून गेलं नाही, तर तिथंच सही करतो."

"एकही मुलगी उठणार नाही," मी म्हटलं.

"कुणीच नाही, असं म्हणालो मी."

मी आनंदानं रस्त्यावरच देवाला हात जोडले. औसा इथून जवळ आहे, पण अनंतरावांकडं गेलो नाही. आता त्यांचं तोंड बघायची गरज नाही.

माघ पौर्णिमा

आनंद दोन दिवस टिकला. कुसुम घरोघर जाऊन आयांशी बोलून आली. सात मुली त्या दिवशी येणार नाहीत. बाकीच्या बारा येतील. आमच्या गल्लीत दूध घालणारी केवळाबाई, तिची मुलगीही शाळेत आहे, म्हणाली, "माझी पोर येती. पोरींचं काय हाय, भूक लागली की खात्यात. तुमचं मोठ्यांचंच लई असतंय."

मला मुलींची फार धास्ती वाटते. एकजण जरी बिचकून उठली तर संपलं. रोज शाळा सुटताना बजावतो, उठायचं नाही, नाक मुरडायचं नाही. गोदीला तर दहादा सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी कशाला उठू?"

नवी घागर कुसुमनं तिवईवरून काढून नेहमीच्या पाण्याच्या जागी ठेवली. आता सगळे तिचंच पाणी पितात. मी आत माठातलं पितो, ते थंड असतं.

माघ वद्य ३

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं पाहिजे.

साहेब दहाला आले. नसीम गुलाबी ओढणीत, बापाचं बोट घट्ट धरून. पाढे झाले, कविता झाली, नकाशावर गोदावरी दाखवून झाली. मग मधली सुट्टी.

कुसुमनं भाकऱ्या केल्या होत्या. प्रत्येक मुलीनं घरून एकेक वाटी आणलेली. ठेचा, तिळाची चटणी, कवठाची चटणी, भरीत, आंबाडी. सगळ्या वाट्या चटईवर मधोमध, मुली भोवती गोल. नसीमच्या वाटीत खजूर. मी श्वास रोखून एकेकीचा चेहरा बघत होतो.

केवळाबाईच्या पोरीनं पहिला खजूर उचलला. मग दुसरीनं, तिसरीनं. नसीमनं ठेच्याला बोट लावलं आणि हा-हू करत नाचायला लागली, तशा सगळ्या हसल्या. गोदीनं घागरीतलं पाणी पेल्यात घेतलं, नसीमला दिलं, उरलेलं स्वतः प्यायली. एकही उठली नाही. माझे डोळे भरून आले.

आणि मग कुसुम चटईवर बसली. मुलींच्या मध्ये. नसीमच्या वाटीतला खजूर घेतला आणि तोंडात टाकला. मग भाकरी मोडून आंबाडी घेतली आणि त्याच वाटीत नसीमनं घास बुडवला. साहेबांनाही कुसुमनं भाकरीवर भाजी घालून दिली. वरून नाही, हातात. त्यांनी ती खाली मान घालून खाल्ली. मी बघतच राहिलो. बारा वर्षांच्या संसारात मला तिचं सगळं ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो.

साहेबांनी कागद मांडीवर घेतला. चेहरा हसरा होता. त्याच वेळी गोदी आणि नसीम दोघी माझ्यापुढं आल्या. गोदीच्या हातात भाकरीचा अर्धा तुकडा, त्यावर आंबाडी. "बाबा, हा नसीमनं तुमच्यासाठी ठेवला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा तुम्हाला."

सगळ्या मुली बघत होत्या. मला एकदम आठवलं की साहेबांना सही करायला दौत लागेल. मी उठलो आणि आत गेलो.

दौत कोनाड्यात नव्हती. माळ्यावर पाहिली, देवघरात पाहिली. मला वाटतं फार वेळ लागला नसावा. बाहेर आलो तेव्हा साहेब पायात जोडे घालत होते. कागद कोराच होता.

मी म्हटलं, साहेब, दौत शोधत होतो.

"मुली शिकल्या, मास्तर," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, ते असते तर बरं झालं असतं. "छान शिकल्या. तुम्हीच शिकवलंत. पण शाळा तुमच्या नावानं आहे, मी काय करू?"

नसीम मागं वळून वळून बघत गेली. गोदी तुकडा हातात धरून तशीच उभी होती.

माघ वद्य ७

उद्या मुदत संपते. आज मुलींच्या पाट्या घरी पाठवल्या. केवळाबाईची पोर जाताना विचारत होती, परत कधी यायचं.

मी साहेबांना शेवटची दरखास्त लिहून काढली. स्वच्छ लिहिलं आहे की त्या दिवशी अर्जदार कोणत्याही अन्य हेतूनं नव्हे, तर केवळ दौत आणण्यासाठी उठला होता. तरी गैरसमज दूर करून फेरविचार व्हावा. दोनदा वाचली. मुद्देसूद झाली आहे. कुसुमला वाचून दाखवली.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "दौत तुमच्या पुढ्यातच होती. चौरंगावर. नकाशापाशी."

मी म्हटलं, तीत शाई नव्हती.

तिनं माझ्या हातातला टाक पाहिला, चौरंगावरची दौत पाहिली.

"मग हे कशानं लिहून राहिलात?"

मी टाक खाली ठेवला. तिनं अनंतरावांचं पत्र फडताळातून काढून माझ्यापुढं ठेवलं, आणि गोदीला पोटाशी घेऊन आत झोपायला गेली.